कमला, जेवताना

लता, तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले, आणि या अठरा दिवसांत मी तुझ्याशी जेवढं बोलले तेवढं तू होतीस तेव्हा वर्षभरातही बोलले नसेन. भांडी घासताना बोलते, वह्या तपासताना बोलते, अकोल्याच्या बसस्टँडवर उभ्याउभ्या बोलते. शेजारच्या मुलीनं परवा विचारलं, मॅडम, कोणाशी बोलून राहिल्या? मी म्हटलं, पाठांतर करते. मराठीच्या बाईला हे एक बरं असतं. कुठंही पुटपुटली तरी लोकांना वाटतं कविता चाललीय.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते. नाहीतर मी इकडच्या तिकडच्या गोष्टी करत बसेन आणि धीर जाईल. तुझ्या मूर्तीतल्या कमलाचं पूर्ण नाव आणि गाव पेपरला मी दिलं होतं. तू सहा वर्षं समजत राहिलीस की ते तुझ्या चुकीनं बाहेर गेलं. तुझी काही चूक नव्हती. फोनवर मी सांगितलं, आडनावासकट, तालुक्यासकट. हे वाक्य मी सहा वर्षं तोंडात धरून ठेवलं. आता सोडलंय तर ऐकायला तू नाहीस.

चिडलीस ना? चिड. मी तुझ्या जागी असते तर वहीच फेकून मारली असती. तू मात्र चिडलीस की गप्प होऊन मातीला थापट्या मारायला लागायचीस, आणि समोरच्या माणसाला त्या थापट्या स्वतःच्या पाठीवर पडल्यासारख्या वाटायच्या.

मला आपला पहिला दिवस आठवतोय. मुलींची शाळा, स्टाफरूममधला तो एक पाय आखूड असलेला बाक, आणि तू नखात माती घेऊन डबा उघडत होतीस. मी ओळख करून दिली, मी नसीम, अचलपूरची, मराठी शिकवते. तू मला खालपासून वरपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "मुसलमानाची पोरगी मराठी शिकवते, कुंभाराची पोरगी चित्रकला. या शाळेचं काई खरं नाई वं बाई." त्या दिवशी माझा डबा तू संपवलास आणि तुझा मी.

मग तुझी ती शेड. घरामागे पत्र्याची, उन्हाळ्यात आत पाय ठेवायची सोय नाही. अकोल्याच्या मे महिन्यात ओली माती हातातच वाळते आणि मूर्तीला नाक येण्याआधी भेगा येतात. तू त्यावर काय उपाय केलास? घरातला एकुलता एक कूलर उचलून शेडमध्ये लावलास. माती गारव्याला आणि तू बाहेर निंबाखाली घाम पुसत. लाइट गेली की तू शेजारच्या घरात पंखा बंद झाला म्हणून ओरडणाऱ्या माणसांपेक्षा जास्त घाबरायचीस. पळत जाऊन ओली पोती तुझ्या मातीच्या बायांच्या अंगावर टाकायचीस, तोंडानं "आली, आली माय, थांब" म्हणत. घोड्याची लीद, नदीचा गाळ आणि बाहेरून मागवलेली चिनी माती, असं काय काय तू कालवायचीस आणि मला वास घ्यायला लावायचीस. मला तो वास कधीच आवडला नाही. हेही सांगायचं राहिलं होतं.

आपलं चाकावरूनचं भांडणही तसंच राहिलं. तुझ्या तेल्हाऱ्याच्या घरी बायांनी गाळ खणायचा, तुडवायचा, मडकी घोटायची, डोक्यावर घेऊन बाजारात न्यायची, पण चाकाला हात लावायचा नाही. चाक पुरुषाचं. वडील गेले तेव्हा तुझ्या भावानं, बाळूभाऊंनी, ते चाक तुझ्याकडे आणून टाकलं, कारण त्यांनी तोवर विटांचा धंदा धरला होता. आता तर चाक तुझ्या शेडमध्ये, तुझ्या मालकीचं, अडवायला कोणी नाही. मी म्हणायचे, बस की त्याच्यावर! तू बसली नाहीस. त्यावर चिनी मातीची पोती ठेवलीस. मी त्याला भित्रेपणा म्हटलं. तू म्हणालीस, "मायनं साठ वर्सं बिनचाकानं हात चालवला. तिचा हात मले येऊ दे पहिले, मंग पाहू." माझ्याकडे उत्तर होतं, पण नेमकी घंटा झाली. ते उत्तर आता मला आठवत नाही.

ती वर्षं मात्र विसरायची म्हटली तरी विसरता येत नाहीत. रोजच्या पेपरात आपल्या वऱ्हाडातल्या कोणत्या तरी गावाचं नाव असायचं आणि ते चांगल्या बातमीसाठी नसायचं. मुंबई-दिल्लीहून कॅमेरे घेऊन माणसं यायची आणि गावात उतरल्याबरोबर विचारायची, इथे कोणाचा नवरा गेला? बाईला दारात बसवायचे, भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि ती रडेपर्यंत थांबायचे. तुलाही मुंबईहून एक पत्र आलं. मोठं प्रदर्शन, विषय वऱ्हाडची बाई, आणि तुझ्याकडून पाच शोकाकुल स्त्रिया हव्यात. शोकाकुल हा शब्द त्यांनीच लिहिला होता. मी म्हटलं, कर लता, जगाला कळायला पाहिजे. तू पत्राची घडी करून डगमगणाऱ्या बाकाच्या आखूड पायाखाली घातलीस.

"रडताना तर साऱ्यायनंच पायलं तिले," तू म्हणालीस. "खाताना कोनी पायलं का? तू तुया मायले पायलं का कधी जेवताना?"

मी खरंच पाहिलं नव्हतं. अम्मी सगळ्यांचं झाल्यावर, चुलीजवळ, भांड्यातच काहीतरी कालवून, पाठ करून. एवढंच आठवत होतं.

तिथून तुझ्या जेवणाऱ्या बाया सुरू झाल्या. रविवारी पहाटे उठून भाकरी थापायच्या, आलू-वांग्याची भाजी, ठेचा, डबा बांधून एसटीनं कुठल्या तरी गावाला जायचं. बाईला सांगायचं, आज तू बस, मी वाढते. आणि समोर बसून तिच्याकडे पाहत राहायचं. यापेक्षा सोपं काय असेल, असं आपल्याला वाटलं होतं! एकही बाई तोंड दाखवून जेवेना. पदर ओढायच्या आणि भिंतीकडे वळायच्या. तुझ्या पहिल्या तीन मूर्ती पाठमोऱ्या झाल्या त्या एवढ्याचसाठी, समोरची बाजू तुला दिसलीच नव्हती. तिसरी पाठ माझ्या अम्मीची. अचलपूरला तू तिच्यासमोर ताट ठेवलंस तर ती म्हणाली, "अगे लता, खाते वक्त की भी कोई सूरत देखता क्या? पहले तू खा." तुला खायला घातलं आणि मग वळून बसली. पुढे अमरावतीच्या प्रदर्शनात एक जाड चष्म्याचे गृहस्थ त्या मूर्तीसमोर उभे राहून, हिनं व्यवस्थेकडे पाठ फिरवली आहे, असं समजावून सांगत होते. तू मला असा चिमटा काढलास की आठ दिवस निळं होतं.

आणि मग कमला भेटली. तेल्हाऱ्याच्या पुढचं गाव, तू मला बळंच सोबत नेलेलं. तिच्या नवऱ्यानं काही महिन्यांपूर्वी जीव दिला होता. घरात ती, दोन पोरी आणि बाजूच्या खोलीत दीर-जाऊ. सकाळभर कापूस वेचून आली होती, बोटं बोंडांनी ओरखडलेली. तू ताट वाढलंस. मी खालीच पाहत होते, म्हटलं आता ही वळेल. ती वळली नाही. पदर खोचला, मांडी घातली आणि आपल्या दोघींकडे बघत पहिला घास घेतला. दुसरी भाकर मागितली. ठेचा लागला तशी एक डोळा मिटला, गाल भरलेला, आणि तशीच म्हणाली, "भल्ली तिखट केली वं मॅडम! अजून वाढ." तू वाढायचं विसरून बघतच राहिलीस. मीच वाढलं.

निघताना मी माझी वही काढून तिचं नाव लिहून घेतलं. का, ते विचारू नकोस. मला लिहून घ्यायची सवय आहे.

ती मूर्ती तुझी सगळ्यात चांगली, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. मिटलेला एक डोळा, फुगलेला गाल, वाटीत बुडालेलं बोट. बैठकीवर तू ओल्या मातीत खिळ्यानं कोरलंस, "कमला, जेवताना." आडनाव नाही, गाव नाही. तू बजावलंही होतंस, "बाकी काई कोनाले सांगाचं नाई, नसीम. तिले तिथंच राहाचं हाय."

अमरावतीच्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. पेपरात लागली होती. मॅडम, फोटो मस्त आहे पण नुसतं कमला छापून काय होतं, कोण, कुठली, काही माहिती असेल तर द्या ना. मी वही उघडली. लता, मी विचार केला नाही असं म्हणणं खोटं होईल. मी विचार केला. वाटलं, तू उगाच भितेस. वाटलं, एवढं मोठं काम आणि चार माणसांनी बघून जायचं? आणि खरं सांगायचं तर मला आवडलं, की ती माझी विद्यार्थिनी मला विचारतेय आणि मला माहीत आहे. मी सांगितलं. तिनं विधवा हा शब्द आपल्या मनानं घातला आणि छापला ठळक टायपात.

चौथ्या दिवशी कमलाचा दीर शाळेत आला. खिशात घडी केलेला पेपर. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "आमच्या घरचा मानूस जाऊन साल झालं नाई, अन् तुमी तिले अशी गालफडं भरून दाखोता? गावात लोकं इचारून राहिले, तुमची वयनी भल्ली मजेत हाय म्हने." तू उभी राहिलीस, हात जोडलेस आणि म्हणालीस, चूक माझी. तो गेल्यावर तू माझ्याकडे वळलीस. "मी नाव कोराले नको होतं. कोनीतरी वाचलं असन, पता काढला असन."

माझ्यासमोर आठवीच्या निबंधांचा गठ्ठा होता. मी मान वर न करता एका मुलीची वेलांटी दुरुस्त केली. पहिली पाहिजे होती, तिनं दुसरी दिली होती. मग पुढच्या ओळीत गेले. तुला वाटलं असेल, नसीमलाही वाईट वाटलंय म्हणून बोलत नाही.

तू एकटी गावाला गेलीस. परत आलीस आणि एवढंच सांगितलंस, की दार लावलेलं होतं आणि दीर म्हणाला, ती भेटत नाई तुमाले. मूर्ती प्रदर्शनातून काढून आणलीस. नाव घासून काढलंस. आणि जेवणाऱ्या बाया तिथंच थांबल्या.

त्यानंतर तू सूप केलंस, जातं केलंस, चूल, उखळ, पाटा. बाई नाही. नुसत्या वस्तू, झिजलेल्या, हाताच्या खुणा असलेल्या. फार सुंदर केल्यास. त्याच जाड चष्म्याच्या गृहस्थांनी अनुपस्थितीवर दोन रकाने लिहिले. आणि मी? मी तुझ्याशी भांडले. बाया कुठं गेल्या तुझ्या, म्हणून मी तुला विचारलं! एकदा नाही, दर वर्षी. मी म्हटलं, एक माणूस येऊन बोलून गेला आणि तू घाबरलीस. एका दिराला घाबरून तू अख्खी बाईजात कामातून काढून टाकलीस. तू म्हणायचीस, "मले हक नाई राहिला, नसीम." मी त्यावर तुला हक्काबद्दल व्याख्यान द्यायचे. लाज वाटते ना ऐकून? मला वाटते. तेव्हा वाटत नव्हती असंही नाही, पण मी जितकं जोरात भांडायचे तितकं ते आत दबायचं आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात बाळूभाऊंचा फोन आला. मॅडम, शेड खाली कराची हाय, तुमी या, मले यातलं काई समजत नाई. गेले. कूलर बंद होता आणि कच्च्या मातीचं एक जातं मधोमध उलून गेलं होतं. त्यावर मी ओलं पोतं टाकलं, उगाच. कोपऱ्यात, कपाटामागे, पोत्यात गुंडाळलेली कमला सापडली. बैठकीवर जिथं नाव होतं तिथं हाताला गुळगुळीत खळगा लागतो. बाळूभाऊ म्हणाले, घेऊन जा ना तुमी, तुमची मैत्रीन होती. मी घरी आणली. दोन दिवस ती माझ्या टेबलावर जेवत बसली होती आणि मला घास जाईना. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला मांडीवर घेऊन तेल्हाऱ्याच्या गाडीत बसले.

कमला आता वेगळी राहते. त्याच अंगणात, पण दार वेगळं. केस पिकलेत, मोठीचं लग्न झालंय. मला ओळखलं. पहिल्यांदा माझ्या पाठीमागे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून. मी तू गेल्याचं सांगितलं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि बराच वेळ उंबरठ्यावर हात फिरवत राहिली. मग मी पोतं सोडलं. तिनं स्वतःला पाहिलं, गालाला बोट लावलं आणि तिला हसू आलं. "अशी दिसत होती का वं मी? बाप्पा!"

मी जे बोलायला गेले होते ते बोलले. नाव मी दिलं, मॅडमनं नाही, असं. घाईघाईनं, परीक्षेत वेळ संपल्यावर मुली लिहितात तसं.

"मालूम हाय मले," कमला म्हणाली. "तुमीच तर लिवून घेतलं होतं वहीत. त्याईनं कुठी इचारलं होतं? त्याईले तर मायं आडनावबी मालूम नव्हतं."

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि शिव्या खाऊन मी मोकळी होईन. तेवढ्यासाठीच गेले होते, आता कळतं. तिनं मूर्ती उचलून आडवी केली आणि खालचा खळगा पाहिला.

"इथं काय होतं?"

"तुमचं नाव."

"मंग घासलं काहून?" आता मात्र ती चिडली. "मी काय मेली का? लिवा परत. अन् घेऊन जा, लोकाईले दाखवा. माया दोन्ही पोरी वाचतेत, त्यायलेबी दिसू द्या."

मी हो म्हटलं. कसं लिहायचं ते मला माहीत नाही, भाजलेल्या मातीवर खिळा चालत नाही, पण लिहीन. माझं अक्षर तुझ्यासारखं नाही. चालवून घे.

उठताना तिनं विचारलं, आणि ते मी तुला तिच्याच शब्दांत सांगते, कारण त्यात माझं काही घालायचं धाडस नाही. "मंग त्या परत आल्या काहून नाईत? दीर बोल्ला तो बोल्ला, तो साऱ्यायलेच बोलते. चार दिवसानं त्याच्याच घरी सांजीले दळन घेऊन गेली मी. मॅडम आल्या त्या दिवशी मी आतच होती, दाराच्या मांगं. मले वाटलं, मॅडम येतीन दुसऱ्या रविवारी. आता आपन वाढू त्याईले. तीन रविवार भाकरी जास्ती केल्या मी."

मी तिला सांगितलं, त्यांना वाटत होतं की चूक त्यांची. म्हणून नाही आल्या. कमलानं माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला पाणी दिलं. मी प्याले, आणि गाडीची वेळ झाली.

तीन रविवार, लता. मी परतीच्या गाडीत बोटांवर मोजून पाहिले. तुला त्या नावाची चार अक्षरं... नाही, तीन. क, म, ला. तुला ती तीन अक्षरं घासून काढायला तेच तीन रविवार लागले होते, कारण कोरलं खोल होतंस आणि वरचा लेप काचेसारखा कडक होता. तू निंबाखाली मांडी घालून मूर्ती आडवी धरली होतीस, आणि मी शेजारी बसून तुझ्या घासायच्या दगडावर तांब्यानं पाणी सोडत होते.